रबर घातलेले पेव्हर ब्लॉक एकदा पास, एकदा नापास: आधी काटा बघा, मग रबराला बोला

मे महिन्यात टाकलेले ब्लॉक ताकदीच्या चाचणीत पास, जुलैत टाकलेले नापास. मिक्स तेच, सिमेंट त्याच कंपनीचं, थोड्या वाळूच्या जागी घालायच्या टायरच्या रबराच्या गोण्याही त्याच माणसाकडून आलेल्या. भिवंडी, वसई, तळोजा या पट्ट्यातले पेव्हर ब्लॉक बनवणारे ही तक्रार घेऊन मुंबईत आमच्या लॅबमध्ये येतात, तेव्हा हातात दोन रिपोर्ट असतात आणि निकालही आधीच ठरलेला असतो. ‘मॅडम, या वेळी रबरच खराब आलं.’ मग रबरवाला बदलतात, दोन-तीन बॅचेस बऱ्या जातात आणि पुढच्या बॅचला पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

रबर कधीच खराब नसतं असं मी म्हणत नाही. पण माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींत घोटाळा बहुतेक वेळा वजनकाट्यावर, मिक्सरमध्ये नाहीतर उघड्यावर पडलेल्या वाळूच्या ढिगात सापडलाय. रबराची पाळी त्यानंतर. म्हणून तपासायचा क्रमही तोच ठेवते.

आधी एक गोष्ट उरकून टाकू. हे सगळं फुटपाथ, सोसायटीचं कंपाउंड, बागेतली पायवाट, दुचाकींचं पार्किंग अशा ठिकाणच्या ब्लॉकपुरतं आहे. कॉलम, बीम, स्लॅब, पाण्याची टाकी यांत टायरचं रबर घालायचं नाही. खडी-वाळूचं आपलं मानक आयएस ३८३. २०१६ साली ते सुधारलं तेव्हा स्लॅग (धातूच्या भट्टीतली मळी) आणि जुन्या काँक्रीटचा चुरा मर्यादेत वापरायची वाट त्यात मोकळी झाली. टायरचं रबर त्या यादीत नाही. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये कोणी ‘ग्रीन’ म्हणून स्लॅबमध्ये रबर घालायची टूम काढली, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

थोडी ताकद जाणारच

रबराचा दाणा इतका मऊ असतो की दाब आला की तो स्वतः काहीच उचलत नाही. सगळा भार बाजूच्या सिमेंटवर जातो आणि दाण्याच्या कडेपासून बारीक तडा सुरू होतो. शिवाय सिमेंटची पेस्ट त्याला नीट धरत नाही. १९९३ साली एल्डिन आणि सेनूसी या दोघांनी याच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. सगळी खडी काढून टायरचे तुकडे घातले तेव्हा दाब सोसण्याची ताकद सुमारे ८५ टक्के उतरली. सगळी वाळू काढून बारीक रबर घातलं तेव्हा सुमारे ६५ टक्के. त्याच चाचण्यांत हेही दिसलं की रबराचे नमुने साध्या काँक्रीटसारखे फट्कन फुटत नाहीत, तडे जाऊनही एकसंध राहतात. आपटी सोसणं, हादरा गिळणं हे रबराचे गुण आहेत आणि त्यासाठीच कोणी हा उद्योग करतं. नाहीतर क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, काय महाग आहे?

व्यवहारात वाळूच्या घनफळाच्या ५ ते १० टक्के रबर असेल तर उतरलेली ताकद पाणी-सिमेंटचं प्रमाण खाली आणून बऱ्यापैकी भरून काढता येते. २० टक्क्यांच्या पुढे गेलात तर एम ३५ चा, म्हणजे चौरस मिमीला ३५ न्यूटन दाब सोसणाऱ्या ग्रेडचा, हट्ट सोडा. पेव्हर ब्लॉकचं मानक आयएस १५६५८, त्याच्या २००६ च्या तक्त्यात वाहनं न येणाऱ्या जागेला ५० मिमी जाडी आणि एम ३०, हलक्या रहदारीला ६० मिमी आणि एम ३५, मध्यम रहदारीला ८० मिमी आणि एम ४० असं आहे. २०२१ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. तुमच्या टेंडरमध्ये कुठली लिहिली आहे ते बघून घ्या. ऑर्डर बागेच्या पायवाटेची असेल तर रबराला भरपूर जागा आहे. सोसायटीत पाण्याचे टँकर येणार असतील तर त्या पट्ट्यात साधे ब्लॉक टाका, रबराचे बाजूला वापरा.

दहा टक्के कशाचे?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि बहुतेकांना तो चावट वाटतो. एका यार्डातला मुकादम तर वैतागलाच.

‘दहा टक्के म्हणजे दहा टक्के, मॅडम. वाळू शंभर किलो, रबर दहा किलो.’

‘आणि वाळू किती कमी केलीत?’

‘दहा किलोच. हिशेब बरोबर आहे ना?’

काट्याचा हिशेब बरोबर, ब्लॉकचा चुकला. आपल्याकडची क्रश सँड सह्याद्रीतल्या काळ्या दगडाची. तिचं विशिष्ट गुरुत्व २.७५ च्या आसपास. टायरच्या रबराचं १.१५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वजनाचं रबर वाळूच्या जवळपास २.४ पट जागा खातं. दहा किलो वाळू काढलीत तेव्हा ३.६ लिटर जागा मोकळी झाली आणि दहा किलो रबर घातलंत तेव्हा ८.७ लिटर भरली. तोंडाने दहा टक्के, ब्लॉकमध्ये चोवीस टक्के. वर माल फुगल्यामुळे प्रत्येक ब्लॉकच्या वाट्याचं सिमेंटही घटलं. असा ब्लॉक एम ३५ ला पास झाला असता तर मी आधी मशीनचं कॅलिब्रेशन तपासलं असतं.

बरोबर हिशेब असा: दर ५० किलो सिमेंटला १०० किलो वाळू लागत असेल आणि घनफळाने १० टक्के रबर हवं असेल, तर १० किलो वाळू काढायची आणि ४.२ किलो रबर घालायचं. पाच टक्क्यांना ५ किलो वाळू बाहेर, २.१ किलो रबर आत. हा आकडा मिक्सरजवळच्या पत्र्यावर ऑइलपेंटने लिहून ठेवा, कारण पाळी बदलली की माणूस बदलतो.

घमेल्याने मापणाऱ्यांची गोष्ट निराळी. एक घमेलं वाळूच्या जागी एक घमेलं रबर घातलं तर रबर उलट कमी पडतं, कारण सुट्या रबरात दाण्यांमधली पोकळी वाळूपेक्षा बरीच जास्त असते. ताकदीच्या दृष्टीने ही चूक सौम्य आहे, पण घमेलं कोणी शीग लावून भरतो, कोणी काठोकाठ, कोणी दाबून. एकाच दिवशीच्या दोन बॅचेसमध्ये फरक दिसतो तो बऱ्याचदा इथला असतो. रबरासाठी वीस किलोचा साधा काटा घ्या. वाळू घमेल्याने मोजली तर एकवेळ चालेल, रबर नाही.

क्यूबचं वजन बोलतं

ताकद मोजायला त्याच मालाचा चौकोनी ठोकळा, म्हणजे क्यूब, भरून मशीनवर मोडतात. मोडायच्या आधी तो काट्यावर ठेवायचा असतो. बरीच यार्डं हे करत नाहीत आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये वजनाचा रकाना असला तरी तो कोणी वाचत नाही. १५० मिमीचा क्यूब म्हणजे ३.३७५ लिटर. आपल्या काळ्या दगडाच्या साध्या काँक्रीटचा क्यूब ८.४ किलोच्या आसपास भरतो, असं धरून चालू. तुमचा आकडा थोडा वेगळा असेल, म्हणून त्याच दिवशी बिनरबराचा एक क्यूब भरायचाच.

घनमीटरला आठ गोण्या सिमेंटचं मिक्स, त्यात घनफळाने नीट मोजलेलं १० टक्के रबर, तर क्यूब ८.२५ किलोच्या आसपास यायला हवा. ८.०५ ते ८.१ आला तर वजनाला वजन अदलाबदल झाली आहे असा पहिला संशय घ्या. मोजमाप बरोबर आहे अशी खात्री आहे आणि तरी क्यूब ८ किलोवर किंवा त्याच्याही खाली अडकला, तर उरलेली तूट हवेची. या क्यूबमध्ये एक टक्का हवा म्हणजे साधारण ८४ ग्रॅम. आणि काँक्रीटमधली दर टक्का जादा हवा ताकदीतले साधारण पाच टक्के नेते, हा जुना ठोकताळा इथेही लागू पडतो. पाव किलो हलका भरलेला क्यूब तुम्हाला मोडायच्या आधीच पंधरा टक्क्यांची बातमी देत असतो.

प्रेसच्या कोरड्या मालाला क्यूबचा फारसा उपयोग नाही, तिथे ब्लॉकच तोला. २०० बाय १०० बाय ६० मिमीचा आयताकृती ब्लॉक १.२ लिटरचा. त्यात १०० ग्रॅमची तूट म्हणजे घनमीटरला ८० किलोहून जास्त. झिगझॅग किंवा डंबेल आकाराच्या ब्लॉकचं घनफळ काढायला पाण्यात बुडवून वजन घ्या.

ग्लासातलं रबर

हवा येते कुठून हे बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि वरून चिमूटभर रबराची बुकणी टाका. रबर पाण्यापेक्षा जड आहे, तेव्हा ते तळाला जायला हवं. जात नाही. निम्मीअधिक बुकणी वर काळी साय धरून बसते. ग्लास उजेडात धरला की दाण्यांना चिकटलेले चंदेरी बुडबुडे दिसतात. आता भांड्याच्या साबणाचा एक थेंब सोडा. साय फाटते आणि दाणे भराभर खाली जातात. वजन तेच, पण हवेचा पापुद्रा सुटला. तुमच्या मिक्सरमध्ये साबण नाही (घालूही नका, फेस होऊन आणखी हवा येईल), म्हणून तो पापुद्रा तसाच ब्लॉकमध्ये जातो.

जितकी बुकणी बारीक तितका हा त्रास जास्त. तीस-चाळीस मेशच्या (बारीक चाळणीच्या) मापाची पावडर डांबरात मिसळायला ठीक, ब्लॉकसाठी नको. १ ते ४ मिमीचं, थोडं बारीक थोडं जाड असं मिश्र क्रंब (दाणेदार रबर) मागा. रबरवाला ‘सगळा एकच माल आहे’ म्हणेल. चाळणी घेऊन जा आणि त्याच्यासमोर चाळा.

इलाज म्हणजे रबर आदल्या दिवशी पिंपात पाण्यात भिजत घालायचं, अधूनमधून हाताने ढवळायचं, वर तरंगलेला भुसा आणि नायलॉनची लव काढून टाकायची आणि सकाळी निथळून घ्यायचं. मग पॅन मिक्सरमध्ये पहिल्यांदा फक्त हे ओलसर रबर, वाट्याच्या सिमेंटमधलं थोडं सिमेंट आणि थोडं पाणी. दोनेक मिनिटं फिरलं की काळे दाणे राखाडी होतात. मूठभर काढून बोटांनी चोळा. राखाडी थर चिकटून राहिला, खाली काळं चमकलं नाही, की खडी, वाळू, उरलेलं सिमेंट, पाणी सोडा. रबर शेवटी वरून फेकायची सवय असेल तर ती आधी मोडा. मला सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीने पडलेला दिसतो आणि त्याला खर्च शून्य.

ॲडमिक्स्चरकडेही, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायच्या रसायनांकडेही, बघा. काही स्वस्त प्लास्टिसायझर (कमी पाण्यात माल मऊ करणारी रसायनं) स्वतःच हवा ओढतात. रबर आणि असलं रसायन एकत्र आलं की विचारू नका. पुरवठादाराला फेस मारणारं रसायन घातलेला प्रकार आहे का विचारा, आणि बदलायच्या आधी रबर न घालता एक बॅच त्याच रसायनात करून वजन बघा.

कॉस्टिक सोड्याबद्दल सगळे विचारतात, कारण इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तो हमखास असतो. रबर त्या द्रावणात वीस-तीस मिनिटं ठेवलं की पृष्ठभागावरचं झिंक स्टिअरेट थोडंफार निघतं आणि पेस्टची पकड सुधारते, असा त्यामागचा विचार. प्रयोगांचे निकाल एका सुरात नाहीत. कुणाला चांगला फायदा मिळाला, कुणाला नावापुरता. प्रयोगशाळेत करायला हरकत नाही. यार्डात माझा स्पष्ट नकार असतो. नंतर रबर लिटमस कागद बदलेनासा होईपर्यंत धुवावं लागतं. ते धुतलं जात नाही, आणि राहिलेला अल्कली ब्लॉकवर पांढऱ्या डागांच्या रूपाने बाहेर येतो. पाणी गटारात सोडता येत नाही. आणि चपला घालून काम करणाऱ्या पोरांच्या हातात कॉस्टिकची बादली द्यायला माझं मन धजत नाही. करणारच असाल तर गॉगल, लांब हातमोजे, आणि पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही.

ब्लॉक कापून बघा

वजन ठीक, मोजमाप ठीक, तरी निकाल खालीवर होतोय? दगड कापायच्या मशीनवर एक ब्लॉक उभा कापा, ओला करा आणि बघा. काळे ठिपके सगळीकडे सारखे विखुरलेले हवेत. एका बाजूला दाटी असेल तर रबर तरंगलंय.

मोल्डमध्ये ओला माल भरून टेबल व्हायब्रेटरवर ठेवायच्या पद्धतीत हे फार होतं. ब्लॉक पालथा भरला जातो, म्हणजे वापरातली गुळगुळीत बाजू मोल्डच्या तळाशी. टेबल जास्त वेळ चाललं की जड खडी खाली बसते आणि हलकं रबर वर येतं, म्हणजे ब्लॉकच्या पाठीला. दर्शनी बाजू इतकी देखणी निघते की कोणाला शंकाही येत नाही. लॅबमध्ये मात्र तो दोन्ही सपाट बाजूंवर दाबला जातो आणि रबराने भरलेली पाठ आधी चुरते. त्याच मालाचा क्यूब आडवा करून, बाजूच्या गुळगुळीत फळ्यांवर मोडतात. तिथे तो कमकुवत थर कडेला उभा राहतो आणि आकडा बरा येतो. ‘क्यूब पास, ब्लॉक फेल’ या कोड्याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

टेबलावर घड्याळ लावू नका, मालाकडे बघा. मोठे बुडबुडे यायचे थांबले आणि वर पेस्टची चमक आली की बंद. पोरं गप्पांत रंगली की टेबल चालूच राहतं, त्याला मुकादमच उपाय. माल पातळ असेल तर तो आधी घट्ट करा. पातळ मालात रबराला वर यायला काहीच अडथळा नसतो.

हायड्रॉलिक प्रेसवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे रबर तरंगत नाही, दबतं, आणि दाब सुटला की परत फुगतं. प्रेसमधून निघालेला ताजा ब्लॉक बाजूने निरखून बघितला तर केसासारखे आडवे तडे दिसतात. उंची मोजली तर ठरवलेल्यापेक्षा जास्त भरते. असे ब्लॉक स्टॅक करतानाच कोपरे सोडतात. ऑपरेटरची पहिली प्रतिक्रिया दाब वाढवण्याची, आणि त्याने तडे आणखी वाढतात. दाब आहे तिथेच ठेवा, व्हायब्रेशन थोडं वाढवा, माल किंचित ओलसर करा आणि २ मिमीच्या वरचे दाणे चाळून काढा. तरी थांबलं नाही तर रबर निम्म्यावर आणा. दोन थरांचा ब्लॉक असेल तर रबर फक्त खालच्या थरात. वरच्या रंगीत थरात रबर घातलं की पायाखाली दाणे निसटतात आणि तिथे खळगे पडतात.

जून ते सप्टेंबर

आता सुरुवातीचा प्रश्न, मे पास आणि जुलै नापास. रबराने ऋतू ओळखला असं काही नाही. वाळू भिजली. उघड्यावरच्या क्रश सँडमध्ये पावसाळ्यात पाच टक्के ओल सहज असते. १०० किलो वाळूबरोबर पाच लिटर पाणी आलं, समोर ५० किलो सिमेंट, म्हणजे पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४० असल्याचं समजून तुम्ही ०.५० वर काम करताय. एवढ्याने साधा ब्लॉकसुद्धा नापास होऊ शकतो. रबराच्या ब्लॉकमध्ये तर मुळातच हातचं काही शिल्लक नसतं. शिवाय पातळ मालात रबर तरंगतं, हे वर आलंच. एका ओलीतून दोन्ही दुखणी.

किलोभर वाळू तव्यावर गॅसवर भाजा, कोरडी झाली की तोला. किती पाणी होतं ते दहा मिनिटांत कळतं. पाऊस सुरू असताना सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. तेवढं पाणी वरून घालायच्या पाण्यातून वजा करा आणि तेवढ्याच वजनाची वाळू वाढवा. ढिगावर ताडपत्री टाका, पण ढीग जमिनीवर थेट असेल तर खालून पाणी चढतं, तिथे उताराचा कोबा हवा. भिजवलेलं रबरही अंगावर पाणी आणतं. निथळल्यावर तोलून कोरड्या वजनाशी ताडा आणि तो फरकही पाण्यातून काढा.

याच दिवसांत यार्डात अख्खे टायर साठवत असाल तर तेही छपराखाली न्या. टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, म्हणून महापालिकेचा कीटकनाशक विभाग मुंबईत दर वर्षी असे टायर हटवत फिरतो. अख्ख्या टायरपेक्षा तयार क्रंब आणलेलं बरं. टायर उत्पादक आणि आयातदारांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकणारे नियम जुलै २०२२ मध्ये आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेल्या रिसायकलरकडूनच माल घ्या. टेंडरच्या कागदांतही त्याचा उपयोग होतो.

रिपोर्ट वाचताना

मुंबईत हल्ली बहुतेक मिक्समध्ये थोड्या सिमेंटऐवजी जीजीबीएस (स्लॅगची बारीक पूड) किंवा फ्लाय ॲश (वीज केंद्रातली राख) असतेच. त्यांची सुरुवातीची ताकद सावकाश येते. सात दिवसांचा आकडा कमी आला की रबरावर खापर फोडून मिक्स बदलणारे मी बघितलेत. २८ दिवस थांबायचा धीर ठेवा आणि बिनरबराच्या जोडीदार ब्लॉकशी तुलना करा. जोडीदारही तितकाच खाली असेल तर रबर सुटलं.

मशीनवर आणखी एक गंमत होते. साधा क्यूब मोडताना आवाज होतो, काटा परत फिरतो, ऑपरेटर थांबवतो. रबराचा क्यूब फुगतो, तडे जातात आणि तरी भार धरून राहतो. नवखा ऑपरेटर पहिला तडा दिसताच मशीन बंद करतो आणि तोच आकडा लिहितो. जास्तीत जास्त भार किती गेला, तो लिहायचा. आणि भार वाढवायचा वेग आयएस ५१६ प्रमाणे मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी, घाईची वेळ असली तरी. ब्लॉकच्या आकड्याला जाडीप्रमाणे आणि कडेच्या चँफरप्रमाणे (तिरक्या कापाप्रमाणे) गुणक लागतो. तो लावलाय का ते विचारा. ६० आणि ८० मिमीच्या ब्लॉकचे कच्चे आकडे शेजारी ठेवून भांडू नका.

पाणी शोषणाची मर्यादा सरासरी ६ टक्के, एखादा ब्लॉक ७ टक्क्यांपर्यंत. रबराचे ब्लॉक इथेही अडकतात, पण रबर स्वतः पाणी पीत नाही. शोषण जास्त आलं तर तो हवेचा आणि नीट न बसलेल्या मालाचा दाखला समजा आणि वर वजनाकडे परत जा.

किरकोळ तक्रारी झटपट सांगते. पहिल्या पावसात ब्लॉकवर तांबूस ठिपके उमटले तर रेडियल टायरमधल्या पोलादी तारेचे तुकडे राहिलेत. गोणी पसरून वरून चुंबक फिरवा, तारा निघाल्या तर गोणी परत. मिक्समध्ये कापसासारखे गोळे होत असतील तर नायलॉनची लव आहे. ती पाणीही पिते आणि फिनिशही बिघडवते, भिजवताना निघून जाते. टायरवर नवा थर चढवणाऱ्या रिट्रेडिंगच्या दुकानातलं बफिंग, म्हणजे टायर घासून निघालेला कीस, स्वस्तात मिळतं, पण ते लांबट, वळवळीत असतं आणि मालाची हालचालच बंद करतं. घ्यायचंच तर चाळून, थोडं. रबराला डिझेल-ऑइलचा वास येत असेल तर त्या गोणीला हात लावू नका. तेल लागलेल्या दाण्यावर सिमेंट बसत नाही.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही तर लॅबमध्ये या, पण नुसते रिपोर्ट घेऊन नको. उभा कापलेला एक ब्लॉक, त्याच दिवशीच्या बिनरबराच्या मालाचा एक ब्लॉक, त्या दिवशीचं बॅच शीट आणि गोणीतून जसं निघालं तसं किलोभर रबर आणा. रबर धुऊन, चाळून, नव्या पिशवीत भरून आणलेला ‘सॅम्पल’ नको. मुकादमाला बरोबर आणलंत तर काम लवकर होतं, कारण मिक्सरमध्ये कुठली वस्तू कधी पडते ते शेठपेक्षा त्यालाच नेमकं माहीत असतं.